देव्हाऱ्यातलं तंत्र

गेल्या अंकात ललितापंचमीच्या कुंकुमार्चनाबद्दल, म्हणजे देवीच्या एकेका नावाला चिमूटभर कुंकू वाहण्याबद्दल, लिहिताना एक वाक्य लिहून गेले होते : 'आपल्या घरांतला हा सर्वांत सुंदर तांत्रिक विधी.' त्यातल्या 'तांत्रिक' या शब्दावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागावलेली आहेत, काही घाबरलेली, आणि एक पोस्टकार्ड पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. म्हणून या वेळचा सगळा मजकूर या एकाच विषयाला दिला आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचं घराणं वैदिक. घरात गणपती, गौरी, नवरात्र, सत्यनारायण, सगळं यथासांग होतं. पण तांत्रिक असं काही आमच्या घरात कधी झालेलं नाही आणि होणारही नाही. आपण सरसकट आमच्या देवीच्या पूजेला तांत्रिक म्हणता, याचं वाईट वाटलं. (बँकेतून निवृत्त झालेले वाचक, चिपळूण)

तुमच्या घरात अथर्वशीर्ष म्हणत असतील. मलाही ते आजोबांच्या मांडीवर बसून पाठ झालं. त्यात एक जागा आहे जिथे मूल हमखास अडखळतं : 'गणादिं पूर्वमुच्चार्य वर्णादिं तदनन्तरम् । अनुस्वारः परतरः । अर्धेन्दुलसितम् । तारेण ऋद्धम् ।' याचा अर्थ तुम्हाला कुणी कधी सांगितला का? मला कॉलेजात जाईपर्यंत कुणी सांगितला नव्हता. 'गण' शब्दातला पहिला वर्ण घ्या, मग वर्णमालेतला पहिला वर्ण घ्या, त्यावर अनुस्वार द्या, अर्धचंद्रानं सजवा, ॐकार जोडा. झाला 'ॐ गं'. मंत्र उघड न लिहिता असा अक्षराअक्षरानं सांगण्याच्या या पद्धतीला मंत्रोद्धार म्हणतात आणि ती अस्सल तंत्रग्रंथांची पद्धत आहे. त्याच अथर्वशीर्षात पुढे-मागे 'त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्' येतं. मूलाधार हे चक्र. यज्ञाच्या वेदीजवळ चक्रांचं नाव निघत नाही.

आता भाद्रपदातल्या चतुर्थीला गुरुजी मूर्तीच्या हृदयाला दूर्वा किंवा बोटं लावून प्राणप्रतिष्ठा करतात ते आठवा. 'आं बीजं, ह्रीं शक्तिः, क्रों कीलकम्.' मातीच्या मूर्तीत प्राण बोलावायचे, दीड दिवसानं किंवा दहा दिवसांनी त्यांना निरोप द्यायचा आणि माती पाण्याला परत करायची, ही सगळी कल्पना आगम-तंत्रांची, म्हणजे वेदांहून वेगळ्या उपासना-ग्रंथांची. आणि संध्याकाळची रामरक्षा? 'सीता शक्तिः, श्रीमद् हनुमान् कीलकम्', मग 'शिरो मे राघवः पातु' म्हणत डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव ठेवत जायचं. याला न्यास म्हणतात, कवच म्हणतात. दिवेलागणीला परकर-पोलक्यातल्या मुली हा तांत्रिक विधी करत होत्या.

तुमच्या पूजेत वैदिक काहीच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. सोळा उपचार आणि त्यांना जोडलेल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा तिथे आहेतच. भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली त्याच स्कंधात, श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात : 'वैदिकस्तान्त्रिको मिश्र इति मे त्रिविधो मखः.' माझी पूजा तीन प्रकारची, वैदिक, तांत्रिक आणि मिश्र. आपल्या घरांत चालते ती मिश्र. मनुस्मृतीवर टीका लिहिणारा कुल्लूकभट्टही हारीताचं वचन देतो की श्रुती दोन प्रकारची आहे, वैदिकी आणि तांत्रिकी. अर्थात सगळ्यांना हे मान्य नव्हतं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी आगमांना प्रमाण मानायला नकार दिला, म्हणून तर यामुनाचार्यांना 'आगमप्रामाण्य' लिहून पांचरात्र या वैष्णव आगमाची बाजू मांडावी लागली. भांडण जुनं आहे, पण ते घरातल्या घरातलं भांडण आहे.

शब्दाचंही सांगते. 'तन्' म्हणजे ताणणं, पसरणं. त्यावरून तंतू, त्यावरून मागावरचे ताणलेले धागे, आणि तशीच नीट ताणून लावलेली मांडणी म्हणजे तंत्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं शेवटचं अधिकरण 'तंत्रयुक्ती', सुश्रुताचा शेवटचा भाग 'उत्तरतंत्र'. तुमच्या नातवंडांपैकी कुणी तंत्रनिकेतनात शिकलं असेल. देवाच्या उपासनेची नीट ताणून लावलेली पद्धत, तिच्यासाठी गुरूकडून दीक्षा, दीक्षेत मिळालेला मंत्र, मंत्राचं रेखाटलेलं रूप म्हणजे यंत्र, आणि या सगळ्याचं ठिकाण म्हणजे आपलं शरीर : एवढं जिथे आहे तिथे तंत्र आहे. 'देवो भूत्वा देवं यजेत्' हे त्याचं सूत्र. आधी स्वतः देव व्हायचं, मग देवाची पूजा करायची.

तुम्ही तिरुपतीला गेला असाल. तिथली पूजा वैखानस आगमाप्रमाणे होते, श्रीरंगमला पांचरात्राप्रमाणे, तमिळनाडूतल्या शिवमंदिरांत शैव आगमांप्रमाणे. केरळात देवळाच्या विधींचा सर्वोच्च अधिकार ज्याला असतो त्या आचार्याला 'तंत्री' म्हणतात, आणि हा शब्द तिथे आदरानं उच्चारला जातो. आपल्याकडे मात्र याच शब्दानं लिंबू आणि काळी बाहुली डोळ्यांपुढे येते.

माझ्या आजीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती वाईची, गंगापुरीत राहायची. तिच्या लहानपणी मुलींना गायत्री शिकवत नसत. पण तिच्या सासूच्या गुरूंनी तिला देवीचा नवार्ण, म्हणजे नऊ अक्षरी मंत्र दिला होता, 'ऐं ह्रीं क्लीं' पासून सुरू होणारा, आणि न्यास शिकवले होते. ज्यांना मुंज नाकारली त्या बायकांना आणि शूद्रांना दीक्षेचा आणि मंत्राचा अधिकार अनेक तंत्रांनी दिला. आजीला हे कुठल्या ग्रंथात आहे ते माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पहाटे चारला सोवळं नेसून ती दार लावून घेई तेव्हा आजोबाही तिला हाक मारत नसत. घरात तिची स्वतःची अशी तीच एक तासाची जागा होती. ललितापंचमीला ती अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांच्या चिमटीत कुंकू धरायची, तर्जनी आणि करंगळी वर ठेवायची. हरणाच्या तोंडासारखी ती मृगी मुद्रा. देवीच्या टाकावर एकेका नावाला एकेक चिमूट. 'मूलाधारैकनिलया, ब्रह्मग्रन्थिविभेदिनी.' एक हजार नावं संपेपर्यंत टाक कुंकवाच्या ढिगाखाली दिसेनासा व्हायचा. तिनं 'तंत्र' हा शब्द कधी उच्चारला नाही, 'अनुष्ठान' म्हणायची. तुम्हाला तोच शब्द बरा वाटत असेल तर तोच ठेवा. गोष्ट तीच आहे.

प्रश्न : मग मद्य, मांस, मैथुन वगैरे पंचमकारांचं काय? सभ्य लोक तंत्राबद्दल बोलताना हे टाळतात, असा माझा अनुभव आहे. (विद्यार्थी, पुणे)

टाळत नाही. कौल या तांत्रिक परंपरेच्या ग्रंथांत मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन हे पाच मकार आहेत, आणि ते सगळे केवळ रूपक होते असं म्हणणं खरं नाही. (इथे मुद्रा म्हणजे भाजलेलं धान्य.) दीक्षित साधकांच्या लहान वर्तुळात ते प्रत्यक्ष वापरले जात. त्यामागचा विचार कठीण आहे आणि मला तो मोठा वाटतो. सगळं शिवच असेल, तर 'हे शुद्ध, हे अशुद्ध' या भीतीनं बांधलेला माणूस शिवाला अर्धाच ओळखतो. ज्याचं मन विटाळाच्या कल्पनेनं थरथरतं तो 'पशू', म्हणजे पाशात अडकलेला. विटाळाची शेवटची गाठ सोडण्यासाठी हे विधी होते, चैनीसाठी नव्हते. कुलार्णवतंत्र स्वतःच म्हणतं, मद्य पिऊन सिद्धी मिळत असती तर सगळे दारुडे सिद्ध झाले असते. आणि पुढे म्हणतं की हा मार्ग तलवारीच्या धारेवर चालण्याहून, वाघाच्या गळ्याला मिठी मारण्याहून अवघड आहे.

दुसरीकडे मोठ्या परंपरांनी या वस्तूंना पर्याय दिले. मद्याऐवजी काशाच्या भांड्यातलं नारळपाणी, मांसाऐवजी आलं. आणखी पुढे जाऊन हे सगळं मनातच करायचं, असं सांगणारेही झाले. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव 'सव्यापसव्यमार्गस्था' आहे. उजवा आणि डावा, दोन्ही मार्ग तिचेच.

पण माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवते. हे ग्रंथ स्त्रीला शक्ती म्हणतात, तिच्या पायांची पूजा सांगतात, आणि तरी विधीच्या बऱ्याच पानांवर ती पुरुष-साधकाच्या सिद्धीचं साधन म्हणूनच येते. तिला स्वतःला काय वाटलं ते क्वचितच वाचायला मिळतं. तीस वर्षं हे ग्रंथ शिकवून झाल्यावरही ही रुखरुख जात नाही.

लोकांच्या मनातली भीती मात्र अलीकडची नाही. आपल्या विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं आठव्या शतकात 'मालतीमाधव' लिहिलं. त्यात अघोरघंट नावाचा कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा शैव साधक, नायिकेला चामुंडेपुढे बळी द्यायला नेतो. बाराशे वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनाही श्मशान, कवटी, रात्र हे सगळं बघून अंगावर काटा येत होता. कापालिक खरोखर होते, आणि नाटककारानं त्यांना खलनायकही केलं. या दोन गोष्टींमधलं अंतर ठेवून वाचावं.

प्रश्न : माझ्या नणंदेच्या घरी वर्षभर आजारपण आहे. एकानं सांगितलं की कुणीतरी भानामती केली आहे, घराला बंधन घालावं लागेल. एकावन्न हजार मागितले आहेत, निम्मे दिले. तो स्वतःला तांत्रिक म्हणवतो. शास्त्रात असं खरंच आहे का? मी काय सांगू त्यांना? (गृहिणी, लातूर)

बाई, उरलेले पैसे देऊ नका, हे आधी सांगते. आणि आजाऱ्याला आज, उद्या नव्हे, आज सरकारी दवाखान्यात न्या.

१९६८ साली मी नववीत होते. वडिलांना खोकला लागला, ताप उतरेना, वजन उतरत गेलं. ओळखीतल्या कुणीतरी एका माणसाला घरी आणलं. त्यानं उंबरा हुंगला, उतारा काढला, तुळशीवृंदावनाखालून आपणच पुरलेली एक पुडी काढून दाखवली आणि आपल्याच भावकीतल्या एकीचं नाव घेतलं. त्या काकूशी आमचं बोलणं पुढची अकरा वर्षं बंद होतं. मला सर्वांत जास्त काय बोचतं ते सांगते. आजीनं, जिनं चाळीस वर्षं नवार्ण जपला होता, तिनं हातातल्या पाटल्या काढून त्या माणसापुढे ठेवल्या. तिला हे मंत्र आतून माहीत होते, तरी मुलाच्या खोकल्यापुढे तिचं काही चाललं नाही. दोन महिने असे गेले. मग मामानं वडिलांना मिरजेला नेलं. क्षय होता. इंजेक्शनं सुरू झाली, बाबा वाचले, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे तेव्हा आजी दुसरीकडे बघायची.

आता तुमचा प्रश्न, शास्त्रात आहे का? आहे. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी षट्कर्मं तंत्रग्रंथांत सांगितली आहेत, आणि मी ते लपवणार नाही. शत्रूवर अभिचार, म्हणजे करणी, करण्याची सूक्तं अथर्ववेदातही आहेत. माणसाला जेव्हा तापाचं कारण माहीत नव्हतं, पीक का जळतं ते कळत नव्हतं, तेव्हा त्यानं हाताशी होती ती सगळी साधनं वापरून पाहिली. त्यांचा इतिहास मी अभ्यासला आहे. पण त्या मंत्रांनी कुणाचं फुप्फुस बिघडतं किंवा बरं होतं, असं मी म्हणणार नाही. आजीच्या मंत्रानं आजीला पहाटेची शांतता दिली. तिनं त्याच्याकडून त्याहून जास्त काही मागितलंही नव्हतं, त्या दोन महिन्यांपर्यंत.

तुमच्याकडे आलेल्या माणसाला ओळखायची खूण साधी आहे. दीक्षा देणारा गुरू तुमच्यावर काम टाकतो. इतका जप करा, हे नियम पाळा, वर्षभरानं या. हा माणूस तुम्हाला काहीच करायला सांगत नाही, फक्त भ्यायला आणि द्यायला सांगतो. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. करणी-भानामतीच्या नावानं भीती घालणं, वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं यांसारख्या गोष्टींना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पोलीस ठाण्यात या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारून तक्रार द्या. आणि त्या माणसानं ज्या शेजारणीचं किंवा जावेचं नाव घेतलं असेल, तिच्या घरी तुम्ही स्वतः जा, चहा घ्या. आम्ही गेलो नव्हतो.

प्रश्न : इथे मी दोन दिवसांचं कुंडलिनी शिबिर केलं. सात चक्रं, सात रंग, इंद्रधनुष्यासारखे. चक्र 'उघडलं' असं प्रमाणपत्रही मिळालं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ज्ञानेश्वरी वाच. (संगणक अभियंता, न्यू जर्सी)

आईचं ऐका. सहावा अध्याय काढा.

इंद्रधनुष्याचे रंग जुन्या ग्रंथांत नाहीत. आज जगभर फिरणारा चक्रांचा आराखडा मुख्यतः बंगालमधल्या पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपण' या १५७७ सालच्या ग्रंथावरून आला. कलकत्ता उच्च न्यायालयातल्या एका इंग्रज न्यायाधीशानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं भाषांतर केलं आणि तो पश्चिमेला पोचला. त्यातही रंग वेगळेच आहेत. नाभीजवळच्या मणिपूराच्या दहा पाकळ्या पावसाळी ढगासारख्या काळ्याभोर, पिवळ्या नव्हेत. चक्रांची संख्यासुद्धा ठरलेली नाही. कुठे पाच, कुठे सहा, आणि गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या 'सिद्धसिद्धांतपद्धती'त नऊ. कारण ती शरीरात शोधून काढायची गाठोडी नाहीत. ज्या साधनेत जशी गरज, तशी ती ध्यानात मांडायची असतात.

माउलींची कुंडलिनी कशी आहे बघा :

नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें ।
वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥
तैशी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी ।
अधोमुख सर्पिणी । निदेली असे ॥

कुंकवानं न्हालेलं नागिणीचं पिल्लू, साडेतीन वेटोळी घालून खाली तोंड करून झोपलेलं. 'औट' म्हणजे साडेतीन, 'औट घटकेचं राज्य' मधला तोच शब्द. ती जागी झाल्यावर काय काय होतं ते पुढच्या ओव्यांत आहे, आणि ते सुखाचं वर्णन नाही. ती भुकेली उठते आणि साधकाच्या देहातलं मांस, अस्थी, मज्जा सगळं खात सुटते. शनिवार-रविवारात हे होत असतं तर सोमवारी तुम्ही कामावर गेला नसता. तुम्हाला शिबिरात बरं वाटलं असेल, श्वास शांत झाला असेल, तर ते चांगलंच आहे, श्वास करत राहा. प्रमाणपत्र फाडून टाका.

प्रश्न : ज्ञानोबांना आपण तांत्रिकांच्या पंगतीला बसवणार नाही अशी आशा आहे. वारकरी संतांनी शाक्तांची निंदाच केली आहे. (कीर्तनकार, पंढरपूर)

महाराज, तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुकोबांनी शाक्तांना, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासकांना, जे शब्द वापरले ते मी इथे छापूही शकत नाही. समोर जे दिसत होतं, देवीच्या नावानं चाललेली दारू आणि हत्या, त्यावर ते तुटून पडले. तो राग मी मानते.

पण माउलींची गुरुपरंपरा कुठली? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन करून झाल्यावर ते स्वतःच सांगतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु.' पिंडानं पिंड गिळणं, हे नाथांच्या खुणेतलं मर्म आहे. आणि अमृतानुभवाचा पहिला अध्याय कुणाला वंदन करतो? देवोदेवींना, जगाच्या मायबापांना, एकमेकांवाचून क्षणभर न राहू शकणाऱ्या शिवशक्तींना. तिसऱ्या प्रकरणात तर ते थेट नाव घेतात :

आणि ज्ञानबंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें ।
म्हणितलें असे । सदाशिवें ॥

'ज्ञानं बन्धः' हे शिवसूत्रांतलं दुसरं सूत्र. ती सूत्रं काश्मिरात नवव्या शतकात वसुगुप्तांना मिळाली, अभिनवगुप्तांच्या परंपरेनं त्यांवर भाष्यं केली. काश्मीरच्या शैव तंत्रातलं हे सूत्र गोदाकाठच्या एका तरुण मुलानं मराठी ओवीत आणलं. मी हे पहिल्यांदा वर्गात शिकवलं तेव्हा माझा आवाज दाटला होता. माउलींनी तंत्रातलं बारीक सोनं घेतलं आणि ते भक्तीच्या आटणीत घातलं, असं मला वाटतं. त्यामुळे पंगतीचा प्रश्नच उरत नाही.

सवड काढून एकदा दापोली तालुक्यात पन्हाळे काजीला जा. कोटजाई नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत. तिथे वज्रयानी, म्हणजे तंत्रमार्गी, बौद्धांच्या महाचंडरोषण या देवतेची मूर्ती सापडली, आणि त्याच जागी पुढे नाथपंथीय आले, त्यांनी सिद्धांच्या मूर्ती कोरल्या. एका डोंगरात दोन तंत्रपरंपरा, कोकणातल्या पावसात भिजत उभ्या आहेत.

आणि एकनाथांचा जोगवा तर तुम्ही कीर्तनात गातच असाल. 'अनादि निर्गुण प्रगटली भवानी, मोहमहिषासुर मर्दना लागुनी.' 'द्वैत सारुनी माळ मी घालीन, हाती बोधाचा झेंडा मी घेईन.' देवीची परडी, माळ, झेंडा, सगळं आहे, आणि महिषासुर मनातला आहे.

प्रश्न : शिवाजी महाराजांचा दुसरा राज्याभिषेक तांत्रिक होता हे खरं का? मुलं विचारतात. (इतिहास शिक्षिका, सातारा)

खरं आहे. पहिला, गागाभट्टांनी केलेला वैदिक राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्यानंतर अकरा दिवसांतच जिजाऊसाहेब गेल्या. निश्चलपुरी गोसावी या तांत्रिकानं पहिल्या विधीत देवतांना डावलल्याचं दाखवून दिलं, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला, आश्विन शुद्ध पंचमीला, दुसरा राज्याभिषेक झाला. 'शिवराज्याभिषेककल्पतरू' या संस्कृत ग्रंथात ही हकिगत आहे. मुलांना तिथी नक्की सांगा. आश्विन शुद्ध पंचमी म्हणजे ललितापंचमी. रायगडावर त्या दिवशी जी देवी पूजली गेली तिचीच नावं माझी आजी वाईत घेत होती.

प्रश्न : नवरात्रात पाळी आली की सासूबाई मला घटाच्या खोलीत येऊ देत नाहीत. गेली सहा वर्षं माझं एकही नवरात्र पूर्ण झालेलं नाही. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलावी का? (नोकरदार महिला, नाशिक)

देवासाठी गोळ्या घेऊ नका.

गुवाहाटीला नीलाचलावर कामाख्येचं देऊळ आहे, शाक्तांचं फार मोठं पीठ. तिथे मूर्ती नाही. खडकातली योनीच्या आकाराची फट आहे, झऱ्याच्या पाण्यानं सतत ओली असलेली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अंबुवाची येते. देवी रजस्वला झाली म्हणून देऊळ तीन दिवस बंद राहतं, आणि चौथ्या दिवशी दार उघडलं की लाखो माणसं तिच्या लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा म्हणून रांगेत उभी असतात. जिच्या रजाचा प्रसाद घेतात, तिच्याच घटासमोर तुम्हाला उभं राहू देत नाहीत, याचं मला दुःख होतं. सासूबाईंशी वाद घालून घर मोडावं असं मी सांगणार नाही. पण त्यांना हे वाचून दाखवा. आणि बीजमंत्राच्या मानसजपाला बहुतेक परंपरांत कसलीच आडकाठी नाही. खोलीबाहेर बसून करा. नवरात्र तिथेही पूर्ण होतं.

प्रश्न : घरात श्रीयंत्र ठेवावं का? भरभराट होते म्हणतात. (व्यापारी, अकोला)

रोज पूजा होणार असेल तर ठेवा. चार त्रिकोण वर तोंड केलेले शिवाचे, पाच खाली तोंड केलेले शक्तीचे, त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस त्रिकोण, मध्ये बिंदू. जग बिंदूतून कसं पसरलं आणि परत कसं जाईल याचं ते चित्र आहे. भरभराटीसाठी जमाखर्चाची वही नीट ठेवा. ते काम यंत्राचं नाही.

प्रश्न : आजोबा पूजा करताना स्वतःच्या छातीला, डोक्याला, शेंडीच्या जागी हात लावतात आणि शेवटी टाळी वाजवतात. त्यांना विचारलं तर ते हसतात. ते काय करतात? (इयत्ता पाचवी, वाई)

पोस्टकार्डावरचा वाईचा शिक्का बघून फार आनंद झाला. ढोल्या गणपतीला माझा नमस्कार सांग.

आजोबा अंगन्यास करतात. देवाला हाक मारण्याआधी आपल्या अंगाला सांगायचं की आता इथे देव राहणार आहे. तूही करू शकतेस, त्याला मुंज लागत नाही. 'हृदयाय नमः' म्हणून उजवा तळवा छातीवर ठेव. 'शिरसे स्वाहा' म्हणून कपाळाच्या वर. 'शिखायै वषट्' म्हणून शेंडीची जागा, तुला वेणी असेल तर ती सुरू होते तिथे. 'कवचाय हुम्' म्हणताना दोन्ही हातांची फुली करून खांद्यांना धर, चिलखत घातल्यासारखं. 'नेत्रत्रयाय वौषट्' म्हणताना तीन बोटं, दोन डोळ्यांना आणि मधलं भुवयांच्या मध्ये. तिसरा डोळा आपल्यालाही असतो असं समजायचं. आणि शेवटी 'अस्त्राय फट्'. उजव्या हाताची दोन बोटं डोक्यावरून फिरवून डाव्या तळव्यावर आपट. आवाज आला पाहिजे. माझ्या आजीचा दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा.